किडनी नीट बसली, मग हे इन्फेक्शन आलं कुठून?

पत्र : माझ्या यजमानांचं (वय ४४) किडनी ट्रान्सप्लांट होऊन पाच महिने झाले. किडनी मोठ्या नणंदबाईंनी दिली. सुरुवातीचे तीन महिने सगळं छान चाललं होतं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरांनी व्हायरसची गोळी बंद केली. मागच्या महिन्यात त्यांना बारीक ताप येऊ लागला, थोडा खोकलाही होता. शनिवार-रविवार असल्यानं हॉस्पिटलला फोन करायला संकोच वाटला. दोन दिवस पॅरासिटामॉल दिली, मग घराजवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. चार दिवसांत हात इतके थरथरायला लागले की कप धरवेना. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा रिजेक्शन होऊ नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल खूप वाढलेली, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, आणि रक्तात सीएमव्ही नावाचा व्हायरस सापडला. त्यांना आठवडाभर जुलाब होत होते हेही मला तिथेच कळलं! आता व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर पुन्हा सुरू केलंय आणि मायकोफेनोलेट निम्म्यावर आणलंय. ऑपरेशनच्या आधी या व्हायरसची चाचणी दोघाही भावंडांची पॉझिटिव्ह होती, असं फाइलमध्ये लिहिलंय.

मी काय करायचं बाकी ठेवलं, तेच कळत नाही. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय, फरशी दिवसातून तीनदा पुसते, दहा वर्षांचा मुलगा बाबांशी दारातूनच बोलतो, मांजर दीरांकडे पाठवलं, जाऊबाईंच्या बाळाला लस दिलीय म्हणून त्यांना येऊ नका सांगितलं. तरी इन्फेक्शन झालंच. नणंदबाई रडून विचारतात, माझ्या किडनीतून गेलं का हे? आणि आता औषध कमी केल्यावर किडनी रिजेक्ट झाली तर?

– एक पत्नी

(खाली वेगळ्या अक्षरात) मी पेशंट. पाच महिने एका खोलीत आहे. जुलाबाचं सांगितलं असतं तर उरलेलं दारही बंद झालं असतं. एवढं यांना सांगा.

ताई,

पत्र वाचून झालं की आधी नणंदबाईंना फोन लावा. त्यांच्या किडनीला दोष नाही. तुमचाही नाही, आणि मुलाचा तर नाहीच. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच हा सीएमव्ही, जगातल्या बहुतेक प्रौढ माणसांच्या शरीरात असतो. लहानपणी किंवा तरुणपणी कधीतरी तो किरकोळ तापासारखा येऊन जातो, बऱ्याचदा आला हेही कळत नाही, आणि मग काही पेशींमध्ये आयुष्यभर निपचित पडून राहतो. फाइलमधल्या त्या पॉझिटिव्ह चाचणीचा अर्थ एवढाच, की दोघाही भावंडांना हा संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला होता. यजमानांच्या अंगात तो होताच. किडनीबरोबर थोडा आणखी आला असेल. त्यातला कुठला उठला हे नेहमीच्या तपासणीत कळत नाही, आणि कळलं तरी उपचार तेच राहतात. बाहेरची फरशी कितीही वेळा पुसली तरी आत असलेला व्हायरस त्यानं थांबला नसता.

मग तो आत्ताच का उठला? १९५४ साली बॉस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांमध्ये. घेणाऱ्याच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबायची वेळ आली नाही. बाकीच्यांच्या नशिबी असं जुळं भावंड नसतं. सख्ख्या बहिणीची किडनी कितीही जुळली तरी शरीर तिच्यावर चालून जाणारच, म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही औषधं रोज घ्यावी लागतात. ही औषधं मुख्यतः ज्या पेशींना आवर घालतात त्यांना टी पेशी म्हणतात. किडनीवर हल्ला करतात त्याच पेशी, आणि सीएमव्हीला वर्षानुवर्षं दाबून ठेवतात त्याही याच. त्यांचं एक काम आवरलं की दुसरंही आपोआप ढिलं पडतं. सुरुवातीच्या महिन्यांत औषधांचे डोस सगळ्यात जास्त असतात, म्हणून तेवढे दिवस व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी देऊन व्हायरसला धरून ठेवतात. ज्यांना हा संसर्ग आधी होऊन गेलाय त्यांना किडनीच्या ट्रान्सप्लांटनंतर साधारण तीन महिने, आणि देणारा पॉझिटिव्ह पण घेणारा निगेटिव्ह असेल तर सहा महिने, असा रिवाज आहे. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी गोळी लवकर बंद केली असं समजू नका. मात्र गोळी सुटल्यानंतरचे पुढचे दोन-तीन महिने डोळ्यांत तेल घालून बघायचे असतात, कारण व्हायरस उठला तर बहुधा याच काळात उठतो. थकवा, बारीक ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी कमी होणं ही त्याची अगदी ठरलेली चाल. तुमच्या यजमानांचं दुखणं तसंच्या तसं या वाटेनं आलं.

या काळाचं गणित एकदा समजून घेतलं की निम्मी भीती जाते. पहिल्या महिन्यातली इन्फेक्शन्स बहुतेक ऑपरेशनची आणि हॉस्पिटलची असतात: जखम, लघवीची नळी, गळ्याच्या शिरेत घातलेली नळी, छाती. दुसऱ्यापासून साधारण सहाव्या महिन्यापर्यंत दबून बसलेले रोग डोकं वर काढतात, म्हणजे सीएमव्ही, बीके व्हायरस, न्यूमोसिस्टिस नावाचा फुप्फुसाचा संसर्ग, काही बुरशी आणि जुना टीबी. त्यानंतर सगळं सुरळीत असेल तर औषधांचे डोस खाली येतात आणि मग मुख्यतः चारचौघांना होतात तीच दुखणी होतात, फ्लू, न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, फक्त जरा जोरात. मध्येच रिजेक्शन झालं आणि त्यासाठी जड औषधं द्यावी लागली, तर हे घड्याळ पुन्हा मागे जातं. तुम्ही सध्या मधल्या टप्प्यात आहात. हाच टप्पा सगळ्यात अवघड, आणि तो संपतो.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लांबवतोय तिकडे येतो. तुमच्या घरात इन्फेक्शन झालं यात काही चुकलं नाही. ते कळायला आणि योग्य माणसापर्यंत पोहोचायला आठवडाभर गेला, तिथे धोका होता.

पुन्हा एखाद्या शनिवारी रात्री साडेदहाला त्यांना कसकस वाटली असं धरू. आधी थर्मामीटर लावायचा, पॅरासिटामॉल नंतर. गोळीनं आकडा खाली येतो आणि खरा ताप किती होता ते कुणालाच कळत नाही. १००.४ किंवा त्याच्या वर आकडा दिसला की त्याच रात्री ट्रान्सप्लांटच्या ऑन-कॉल नंबरवर फोन. रविवारची वाट नाही, सोमवारच्या ओपीडीची तर नाहीच. ज्यांना प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, चालू आहे त्यांना ताप दबूनच येतो, म्हणून ९९.५ असला पण माणूस मलूल पडलाय, जेवण नको म्हणतोय, तरी फोन करायचाच. फोनवर हे सांगायचं: ताप किती आणि कधीपासून, बीपी किती, दिवसभरात लघवी किती झाली, शेवटचा टॅक्रोलिमसचा डोस कधी घेतला, गेल्या आठवड्यात कुठलं नवं औषध पोटात गेलं. हे सगळं एका वहीत रोज लिहिलेलं असेल तर घाबरलेल्या अवस्थेतही दोन मिनिटांत सांगून होतं. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर घेतात. ते घेतलं जाईल याची काळजी तुम्ही घरून कुठलंही अँटिबायोटिक न देता जाऊन घ्यायची. दोन गोळ्या आधीच पोटात गेलेल्या असल्या तर कल्चरमध्ये जंतू वाढत नाही, आणि पुढचे उपचार अंदाजानं करावे लागतात. फक्त कुणाला खूप थंडी वाजून थरथर सुटली, बीपी घसरला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा दम लागला तर फोनवर बोलत बसू नका. सरळ इमर्जन्सीत न्या आणि वाटेत फोन करा.

रात्रीअपरात्री फोन केला म्हणून कुणी रागावेल ही भीती मनातून काढून टाका. तो नंबर दिलेलाच त्यासाठी असतो. दहा फोन साध्या सर्दीचे निघाले तरी चालतील, अकरावा वेळेवर यायला हवा.

ताप नसतानाही फोन करायच्या गोष्टी आहेत. दोन दिवसांपेक्षा जास्त जुलाब, लघवीला जळजळ किंवा लघवी कमी होणं, नव्या किडनीच्या जागी दुखणं, जखमेतून पाणी येणं, अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे फोड येणं, न थांबणारी डोकेदुखी. आणि एक खास लक्षात ठेवा: कोरडा खोकला आणि जिना चढताना नव्यानं लागणारा दम. न्यूमोसिस्टिसमध्ये सुरुवातीला छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो आणि तरी ऑक्सिजन चालताना खाली जातो. घरी ऑक्सिमीटर असेल तर बसून एकदा आणि खोलीभर चालून एकदा बघा. हा रोग होऊ नये म्हणूनच को-ट्रायमॉक्सॅझोलची गोळी सहा महिने ते वर्षभर देतात. "आता बरं वाटतंय" म्हणून ती मधेच सोडणारे बरेच असतात. तुम्ही सोडू नका. तिची ॲलर्जी असली किंवा पेशी कमी होत असल्या तर दुसरं औषध मिळतं, पण बदल डॉक्टरांनी करायचा.

आता त्या थरथरणाऱ्या हातांबद्दल. टॅक्रोलिमस शरीरात मोडायचं काम यकृत आणि आतड्यातलं एक एन्झाइम करतं. क्लॅरिथ्रोमायसिन त्या एन्झाइमला अडवतं. रोजचा डोस तोच, पण मोडणारं कुणी नाही, म्हणून औषध रक्तात साठत गेलं. हात थरथरले, किडनीच्या रक्तवाहिन्या आवळल्या आणि क्रिएटिनिन वाढलं. त्यात आठवडाभर जुलाब. लोकांना वाटतं जुलाबात औषध बाहेर पडून जातं, पण टॅक्रोलिमसची लेव्हल जुलाबात उलट चढते. म्हणजे दोन्ही बाजूंनी भर पडली. घराजवळच्या डॉक्टरांनी खोकल्याला दिलेलं औषध इतर कुणाला दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. म्हणून नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: कुणीही, कितीही मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध पहिली गोळी घेण्याआधी ट्रान्सप्लांटच्या टीमला विचारायचं. दातांच्या डॉक्टरांचंही.

लेव्हल चढवणारी मंडळी अशी: एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल आणि त्याच कुळातली बुरशीची औषधं, बीपीसाठीची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल. कोविडवर दिलं जाणारं निरमॅट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर तर टॅक्रोलिमस काही पटींनी वाढवतं, त्याला विचारल्याशिवाय हातही लावू नका. त्याऐवजी देण्यासारखं औषध आहे. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळं याच कारणानं वर्ज्य. लेव्हल पाडणारी म्हणजे रिफॅम्पिसिन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन. रिफॅम्पिसिन टीबीच्या औषधांत असतं. ते सुरू झालं आणि टॅक्रोलिमस वाढवलं नाही तर थोड्याच दिवसांत लेव्हल तळाला जाते आणि रिजेक्शन होतं. म्हणून टीबी झालाच तर त्याऐवजी रिफाब्युटिन देतात, नाहीतर टॅक्रोलिमस बरंच वाढवून वारंवार लेव्हल करतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचा प्रश्न लेव्हलचा नाही, ती थेट किडनीलाच दुखवतात. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं, तेही ताप मोजून झाल्यावर. आणि "प्रतिकारशक्ती वाढवणारी" म्हणून कुणी पावडर, काढा, थेंब आणून दिले तर नम्रपणे परत करा. तुम्ही जी शक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय तीच वाढवायची कशाला?

लेव्हलचं रक्त सकाळचा डोस घेण्याआधी द्यायचं असतं, आदल्या रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा मोठा येतो आणि डॉक्टर विनाकारण डोस कमी करतात. सकाळची गोळी डबीत घालून बरोबर न्या आणि रक्त दिल्याबरोबर घ्या.

आता तुमची सगळ्यात मोठी भीती: मायकोफेनोलेट निम्म्यावर आणल्यानं किडनी रिजेक्ट होईल का. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण दुसरी बाजू बघा. रक्तात खदखदणारा सीएमव्ही स्वतःच रिजेक्शनची शक्यता वाढवतो, शिवाय बुरशी आणि इतर जंतूंना वाट करून देतो. त्याला आटोक्यात आणायला गोळीबरोबर यजमानांच्या स्वतःच्या टी पेशींचीही मदत लागते, आणि त्यांना थोडी मोकळीक दिल्याशिवाय ती मिळत नाही. मायकोफेनोलेट कमी करण्याचं आणखी एक कारण म्हणजे त्यानं पांढऱ्या पेशी कमी होतात. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरनंही होतात, को-ट्रायमॉक्सॅझोलनंही. तिघांपैकी एकाला मागे घ्यायचं तर सहसा मायकोफेनोलेटला घेतात. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड चालू आहेतच, म्हणजे किडनी उघड्यावर पडलेली नाही. या दिवसांत क्रिएटिनिन वरचेवर बघतात ते याचसाठी. व्हायरस उतरला की मायकोफेनोलेट हळूहळू पूर्वपदावर येतं. तुम्ही भीतीपोटी घरी त्याचा डोस स्वतःहून वाढवू नका, आणि पेशी कमी दिसल्या म्हणून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरही कमी करू नका. कमी डोसमध्ये रेंगाळलेला व्हायरस औषधाला दाद देईनासा होतो, आणि मग फॉस्कारनेटसारखी, स्वतः किडनीला जड जाणारी, किंवा मॅरिबाव्हिरसारखी वेगळी औषधं शोधावी लागतात. पेशी फारच घसरल्या तर त्या वाढवण्याचं इंजेक्शन असतं.

उपचार किती दिवस चालतील हे कॅलेंडरवर ठरत नाही. किमान दोन आठवडे, आणि त्यापुढे रक्तातला व्हायरस पीसीआर तपासणीत पुरता उतरेपर्यंत व लक्षणं जाईपर्यंत. ही तपासणी साधारण दर आठवड्याला, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण दोन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत आकडा फारसा हलला नाही म्हणून खचू नका. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचा डोस किडनीच्या ताकदीवर ठरतो, क्रिएटिनिन बदललं की तोही बदलतो. गोळी जेवणाबरोबर आणि अख्खीच गिळायची. तोडायची नाही, कुटायची नाही. गोळी फुटली तर पावडरला उघडा हात लावू नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं ती हाताळूच नये.

बाकीच्या इन्फेक्शन्सबद्दल थोडक्यात. बीके व्हायरस काहीच त्रास न देता किडनी बिघडवतो, म्हणून पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी करतात. त्यावर खात्रीचं औषध नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं हाच इलाज. ती वेळ आली तर आत्तासारखंच घाबरायचं नाही. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू दिसले पण जळजळ नाही, ताप नाही, तर पहिल्या दोन महिन्यांनंतर सहसा अँटिबायोटिक देत नाहीत. विनाकारण दिलेल्या प्रत्येक कोर्समागे जंतू निगरगट्ट होतात आणि खरं इन्फेक्शन आलं की औषध उरत नाही. डॉक्टरांनी "काही देत नाही" म्हटलं तर तो निष्काळजीपणा समजू नका.

आता घर. खोलीचं दार उघडा, ताई. मुलाला बाबांजवळ बसू द्या. सर्दी, ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल तेवढेच दिवस त्यानं लांब राहायचं, बाकी हात साबणानं धुतलेले असले की पुरे. फरशी दिवसातून एकदा पुसली तरी भागतं. जो वेळ वाचेल त्यात तुम्ही झोप घ्या, कारण पाच महिन्यांत तुमचीच झोप झालेली नाही असं पत्राच्या ओळीओळीत दिसतं. मास्क गर्दीत, हॉस्पिटलमध्ये आणि बांधकामाच्या धुळीजवळ, घरात नाही. बागकाम करायचं तर हातमोजे घालून, आणि कुजलेलं खत उपसायचं काम दुसऱ्याकडे, त्यात बुरशीचे कण असतात. मांजर परत आणा. तिच्या शी-शूची माती यजमानांनी साफ करायची नाही, तुम्ही ती रोज बदलायची, कारण त्यातले टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचे कण बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एखादा दिवस तरी घेतात. रोज माती बदलली की ती वेळच येत नाही. ओरखडा आला तर लगेच धुवायचा. खाण्यात कच्चं दूध, कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अंडी आणि मांस, कच्ची मोडाची कडधान्यं आणि कापून उघड्यावर ठेवलेलं काही नको. पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळून उकळवा. एवढंच पुष्कळ झालं.

जाऊबाईंच्या बाळाचं. लस दिलेलं बाळ घरात येणं चांगलंच, लस न दिलेलं बाळ जास्त धोक्याचं. तोंडातून दिल्या जाणाऱ्या रोटाव्हायरस लशीचे जंतू बाळाच्या शीतून काही दिवस बाहेर पडतात, म्हणून डोसनंतर चार आठवडे यजमानांनी दुपटी बदलायची नाहीत. मांडीवर घ्यायला, खेळवायला हरकत नाही. तोंडातून द्यायच्या पोलिओच्या डोसबद्दल मात्र आधी डॉक्टरांशी बोला, एकाच घरात राहणाऱ्या मुलांना त्याऐवजी इंजेक्शनची लस देणं बरं. तुम्ही, मुलगा, नणंदबाई, सगळ्यांनी दरवर्षी फ्लूचं इंजेक्शन घ्या. मुलाला गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस झालेली नसेल तर त्याला ती द्या. यजमानांना स्वतःला मात्र जिवंत जंतूंच्या लशी कधीच नाहीत: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, नाकात फवारायची फ्लूची, यलो फिव्हर, बीसीजी, तोंडातून द्यायची टायफॉइडची. फ्लू, न्यूमोकॉकस, हेपटायटिस बी, कोविड, आणि नागिणीची नवी, जिवंत जंतू नसलेली (रिकॉम्बिनंट) लस, या चालतात. कुठली कधी ते सीएमव्ही निवळल्यावर डॉक्टर ठरवतील. आणि शाळेत कुणाला कांजिण्या झाल्या, मुलगा त्याच्या शेजारी बसला होता, असं कळलं तर फोड येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा. यजमानांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील तर संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं, अँटिबॉडीचं इंजेक्शन देता येतं.

आता खाली दोन ओळी लिहिलेल्या तुमच्यासाठी. खोलीबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि वर तसं सांगितलंय. जुलाबाबद्दल मात्र तुमचं चुकलं. सीएमव्ही आतड्याला धरतो तेव्हा तिथे जखमा होऊ शकतात, रक्तस्राव होऊ शकतो. त्या आठवड्यात हे झालं नाही हे नशीब. शिवाय मायकोफेनोलेटनंही जुलाब होतात, म्हणजे कारण शोधल्याशिवाय उपाय करता येत नाही, आणि कारण शोधायला आधी कुणीतरी सांगावं लागतं. कोंडतील म्हणून पेशंट लपवतो, लपवतो म्हणून घरचे आणखी घाबरतात आणि आणखी कोंडतात, हे मी पुष्कळ घरांत बघतो. दोघांनी समोरासमोर बसून ठरवा: त्यांनी लक्षण ऐकून कुठलंही बंधन वाढवायचं नाही, आणि तुम्ही लक्षण त्याच दिवशी सांगायचं, शौचाचं असलं तरी.

त्याबरोबर काही कामं तुमच्याकडे घ्या. औषधांची डबी तुम्ही भरा. ताप, बीपी, वजन वहीत तुम्ही लिहा. ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या आणि पुढचा फोन तुम्ही करा. सगळ्या औषधांची नावं आणि डोस लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा, म्हणजे कुठेही गेलात तरी समोरच्या डॉक्टरला ते दाखवता येईल. कामावर कधी जायचं ते पुढच्या भेटीत विचारा. बैठं काम असेल आणि व्हायरस उतरला असेल तर सहसा फार थांबवत नाहीत. त्याच भेटीत मायकोफेनोलेट कधी आणि किती वाढवणार तेही विचारा. आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर दुसऱ्यांदा बंद होईल, तेव्हा त्यानंतरच्या पीसीआरच्या तारखा तोंडी नकोत, फाइलवर लिहून घ्या.